मामाजींचे रिठ्याचे पाणी

परवा शेजारच्या मास्तरीणबाई एक जुने करवतकाठी लुगडे घेऊन माझ्या दारात आल्या. काठावर तेलाचा डाग पडला होता आणि साबण लावावा की नाही ते त्यांना कळत नव्हते. मी म्हटले, "साबण नका लावू. डागावर ज्वारीचे पीठ भुरभुरा, एक दिवस तसेच राहू द्या. मग रिठ्याच्या फेसाने काठ धुवा. नुसत्या फेसाने." त्या म्हणाल्या, "हे तुम्हाला कोणी शिकवले?" मामाजींचे नाव ओठांपर्यंत आले. मी म्हटले, "असेच, घरी पाहिले." आमच्या घरात मामाजींचे नाव आणि रिठे एका वाक्यात कोणी घेत नाही. म्हणून ते इथे लिहिते. इथे ऐकायला कोणी नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे, सोमाजी. स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन नागपुरात आले. इतवारी बाजाराच्या मागे आम्हा कोष्ट्यांची गल्ली होती. घरोघरी माग, आणि सकाळी चहा व्हायच्या आत खटखट सुरू. आमच्या घरी खड्ड्याचे दोन माग होते. त्यातला एक मी आले तेव्हाच बंद होता, त्यावर सासूबाई गोधड्या ठेवत. सूत वेळेवर मिळत नव्हते, रेशीम परवडत नव्हते, आणि बायका गिरणीचे पातळ नेसू लागल्या होत्या. आमचे हे गिरणीत जात. घरात मामाजी, सासूबाई, नणंद वत्सला आणि मी.

जन्मभर मागावर बसून मामाजींची मान पुढे आली होती. चालतानाही ते जमिनीवर पडलेले काही शोधताहेत असे वाटे. आणि शोधतच असत. रस्त्यात सुताचा तुकडा दिसला तर त्यावर पाय पडू देत नसत. उचलून कानावर अडकवत. संध्याकाळी जेवायला बसले की सासूबाई त्यांच्या कानावरची सुते काढून कोनाड्यात टाकत. बोलणे चालूच असे, हात आपोआप जाई.

त्यांना मळाचा भारी राग आहे असे मला आधी वाटले. तसे नव्हते. एकदा मी भांडी घासत होते. पाणी भरायच्या पितळेच्या गुंडावर जोर लावून राख रगडत होते. ते मागे येऊन उभे राहिले. मी पदर ओढून घेतला.

"सूनबाई, भांडण करून राहिली का वं त्याच्याशी?" ते म्हणाले. "मळ म्हणजे पाव्हणा. पाव्हण्याले कोणी ढकलते का? त्याले पाणी द्यावं, बसू द्यावं. तो आपला उठून जाते."

त्यांनी चिंचेचा कोळ आणायला सांगितला, गुंडाला लावून ठेवला आणि निघून गेले. थोड्या वेळाने मी राखेचा नुसता हात फिरवला तर गुंड सोन्यासारखा निघाला.

राखही ते कोणतीही घेऊ देत नसत. चुलीतली राख जुन्या धोतरातून चाळून मडक्यात भरत. चिमूट बोटात चोळून म्हणत, "आज बाभळीसंग काही दुसरं जाळलं. खरखर लागून राहिली." बहुधा खरे असे. पांढऱ्या धोतरांसाठी राख पाण्यात कालवून ठेवायची, वरची निवळी घ्यायची. पण ती निवळी रेशमाच्या आसपास दिसली तर ते ओरडत. एवढेच एक ओरडणे मी त्यांचे ऐकले. "रेशीम खाते ते! किड्यानं जीव दिला रेशमासाठी, आन् तुम्ही त्याले राखेत घालता!" एकदा सासूबाईंनीच वत्सलाच्या लुगड्याचा काठ निवळीत बुडवला होता. काठ ओल्या कागदासारखा मऊ झाला. दोन दिवस नवराबायको बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मामाजीच म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." समेट झाला.

रेशमाला रिठे. रिठे फोडून काळी बी काढायची, साल कोमट पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी हाताने कुसकरून फडक्यातून गाळायचे. हे काम माझ्याकडे होते. पाणी झाले की मामाजी बोट बुडवून जिभेला लावत. तोंड असे वाकडे होई की वत्सला पदरात हसे.

"बाबा, रोज कडूच लागते ना? मंग रोज काहून चाखता?"

"रोज सारखं कडू नाही राहत, पोरी. आज जरा आळशी आहे."

आळशी पाण्यात मी आणखी रिठे टाकी.

वत्सलाने एकदा इतवारीतून पिवळ्या साबणाची वडी आणली. गल्लीत सगळ्यांकडे साबण आला होता आणि आमच्या मोरीवर अजून रिठ्याची साले, याची तिला लाज वाटे. मामाजींनी वडी उलटसुलट पाहिली, वास घेतला, आणि आम्ही नको नको म्हणेपर्यंत जिभेला लावली. थुंकून म्हणाले, "तेल आहे याच्यात! तेलानं तेल धुतात म्हणे. उद्या म्हणाल चोरानं चोर पकडला." पण वडी फेकली नाही. कोनाड्यात नीट ठेवून दिली. पोरीने आणली होती.

इथपर्यंत लिहिताना मला बरे वाटते.

दुसरा माग बंद पडला तेव्हापासून आमच्या घराची मान खाली गेली. कोष्ट्याच्या घरातून आवाज आला नाही की रस्त्यावरच्या माणसाला कळते. दुपारी सगळ्या गल्लीत खटखट चाले आणि आमच्या घरापाशी येऊन ती थांबे, दातांच्या रांगेत एक दात पडावा तशी. मामाजी त्या वेळी ओट्यावर बसत नसत. आत बसून रिकामा धोटा फडक्याने पुसत.

अशाच एका दुपारी महाल भागातून एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांच्या लग्नातले लुगडे मामाजींनी विणले होते. लेकीच्या सासरी कोणी काठावर चहा सांडला होता. बाई म्हणाल्या, "वरठ्याकडे द्यायची भीती वाटते, भट्टीत घालेल. तुम्ही विणलं, तुम्हीच सांगा काय करावं."

मामाजींनी लुगड्याचा पदर उलटला. आपल्या प्रत्येक लुगड्यात पदराच्या शेवटी, तांबड्या रेशमात, ते हळदी रंगाचा एक धागा सोडत. बाहेरून दिसत नसे, उलटल्यावरच दिसे. तो धागा त्यांना सापडला. त्यांचा चेहरा मी पाहिला. परगावी गेलेले मूल अचानक दारात दिसावे तसा झाला.

लुगडे त्यांनी स्वतः धुतले. रिठ्याचे पाणी रवीने घुसळून नुसता फेस तळहातावर घेत, काठावर ठेवत आणि बोटाने दाबत. घासत नसत. सावलीत वाळवले, वाटीने घोटले. बाई खूष झाल्या आणि सूपभर ज्वारी ठेवून गेल्या. मामाजी नको म्हणत होते. सासूबाईंनी सूप उचलून आत नेले.

मग दुसरी बाई आली, मग तिसरी. आता सांगायला हवे की आमच्यात हे फार वाईट. कोष्ट्याने कापड विणावे. दुसऱ्याने नेसलेले कापड धुणे हे वरठ्याचे, म्हणजे धोब्याचे काम. जातीत कळले तर म्हणतील, सोमाजी वरठी झाला. म्हणून मामाजींनी आपल्यापुरता नियम केला होता. आपल्या हातचे असेल तेच धुवायचे. "हे धुणं नाही," ते म्हणत, "आपल्या लेकीले माहेरपणाले आणलं. न्हाऊ घातलं, धाडून दिलं." कोणी लुगडे आणले की पहिला पदर उलटायचा. हळदी धागा नसला तर घडी परत. "माह्या हातचं नाही बाई. वरठ्याकडे न्या." एकदा एका मोठ्या घरच्या बाईंचे अख्खे बोचके त्यांनी परत केले. सासूबाई रात्री रडल्या. घरात पीठ नव्हते.

त्या पावसाळ्यात गिरणी बंद पडली. हे घरी बसले. वत्सलाचे वय वाढत होते आणि उमरेडच्या एका चांगल्या मागवाल्या घरातून विचारणा आली होती. तेव्हा एक बाई लुगडे घेऊन आली. मी आत रिठे फोडत होते. मामाजींनी लुगडे घेतले, मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "परवा न्या."

त्यांनी पदर उलटला नाही.

माझ्या हातातला बत्ता थांबला. सासूबाई चुलीकडे पाहत राहिल्या. त्यानंतर त्यांनी कोणाचाच पदर उलटला नाही. लुगडी मागच्या अंगणात वाळत घालू लागलो, पदराची बाजू भिंतीकडे करून. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. माझे हात आपणच तसे करत.

आमच्या गल्लीचे कपडे नेणारी वरठीण रुखमा एकदा मागच्या दारातून आली. मामाजी फेसात हात घालून बसलेले. त्यांनी घाईने हात धोतरात पुसले.

रुखमा हसली. "काकाजी, आमचंच काम करून राहिले, मंग लपता काहून? आम्ही का चोरी करतो का?"

ती भाकरी घेऊन गेली. रोजच आम्ही तिला भाकरी वरून टाकत होतो, हाताला हात लागू नये म्हणून. जातीच्या लोकांची लाज मला पुष्कळ वाटली आयुष्यात, पण त्या दिवशी रुखमाची वाटली तशी नाही. ज्या कामाने आमची इज्जत जाणार होती, ते काम करून तिने मुले वाढवली होती. आणि ती आमच्याशी हसून बोलत होती.

उमरेडच्या पाहुण्यांनी सोमवारचा निरोप दिला होता. त्यांना इतवारीत काही काम निघाले म्हणून ते रविवारीच आले. सोबत हरबाजी होते. हरबाजी आमच्या जातीचे मोठे माणूस. सोयरीक जुळवताना "हे घर मागाचं आहे, कुळ चांगलं आहे" असे त्यांनी म्हटले की ती जुळे. ते स्वतः जुने कारागीर. लहानपणी त्यांच्या डाव्या हाताचे बोट मागात सापडून वाकडे झाले होते. त्यामुळे त्यांच्या लुगड्यात डाव्या काठाच्या नक्षीतले करवतीचे दात जरा दाबलेले येत. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होते आणि त्यांच्या तोंडावर कोणी कधी म्हणत नसे.

पाहुण्यांना पाय धुवायला मागच्या अंगणात नेले. मी तांब्या घेऊन मागे होते. दोरीवर लुगडी होती. काढायला वेळच मिळाला नव्हता.

मुलाचे वडील थांबले. "सोमाजी, इतकी लुगडी? कोणाची म्हणा गा?"

"माह्या हातची आहेत," मामाजी म्हणाले. "जुनी गिऱ्हाइकं आहेत. डाग पडला का आणून देतात. आपला माल आपण नाही पाह्यचा तर कोणी पाह्यचा?"

"वा! असा कारागीर आता कुठी राह्यला!" पाहुणे खरेच खूष झाले. त्यांनी जवळचे लुगडे हातात घेतले, काठावरून बोट फिरवत गेले आणि डाव्या बाजूला थांबले.

"इथं दात दाबले काहून?"

मामाजींनी त्या काठाकडे पाहिले. धुताना त्यांच्या बोटांना कळले नसेल असे होणार नाही. ते म्हणाले, "तेव्हा हात दुखत होता."

पाहुण्यांना पटले नसावे. ते वळले. "काय गा हरबाजी, तुम्ही शेजारी विणता. सोमाजीचा हात असा कधी पाह्यला का?"

हरबाजींनी लुगडे घेतले. उजव्या हाताने. डावा हात उपरण्याखाली गेला होता. त्यांनी अंगठा त्या दाबल्या दातांवरून एकदा सावकाश नेला.

"पाह्यला ना," ते म्हणाले. "सोमाजीचाच आहे. त्या साली त्याचा हात लय दुखे."

आणि लुगडे त्यांनी नीट, पदर भिंतीकडे करून, परत दोरीवर टाकले.

वत्सलाचे लग्न ठरले. दिवाळीनंतर झालेही. पंगतीत हरबाजी मामाजींच्या समोर बसले होते. मामाजींनी पूर्ण जेवण होईपर्यंत मान वर केली नाही. लोकांना वाटले लेक जाणार म्हणून.

गिरणी सुरू झाली आणि मामाजींनी लुगडी घेणे बंद केले. घरापुरते रिठ्याचे पाणी मी करी, पण ते आता चाखत नसत. मी भांडे समोर ठेवी, ते म्हणत, "तुले कळते आता." हरबाजी गल्लीत दिसले तर ते घरात येत. एखादे दिवशी रस्त्याच्या मधोमध गाठ पडली तर वाकून पायाजवळचे सूत शोधत. रस्त्यावर सूत नसले तरी. सासूबाई म्हणत, "त्याइनं तर आपली लाज राखली, मंग तुम्ही काहून तोंड लपवता?" मामाजी म्हणत, "त्याच्या बोटाले मी माहं दुखणं म्हटलं वं. त्याच्या हातची खूण म्हणून तेवढं एकच होतं, तेही घेतलं." सासूबाईंना ते कळले की नाही माहीत नाही. मला कळले.

वर्ष गेले. हरबाजींची बायको वारली. त्यानंतर काही दिवसांनी, दुपारच्या जेवणासाठी सगळे माग थांबतात त्या वेळी, हरबाजी आमच्या घराकडे आले. मागच्या दाराने नाही, समोरून. हातावर एक लुगडे होते, बोचक्यात बांधलेले नाही, उघडे. गल्लीतले लोक ओट्यावर बसले होते.

"सोमाजी आहे का घरी?"

मामाजी दारात आले.

"नातीचं लग्न आहे. तिच्या आजीचं लुगडं आहे हे. डाग पडले. धुऊन पाह्यजे."

मामाजींनी लुगडे घेतले. आणि मग त्यांच्या हाताने, त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदा, पदर उलटला.

"कोणाच्या हातचं आहे?" हरबाजींनी विचारले.

मामाजींनी पदर पुन्हा सरळ केला.

"सांग ना गा. तुले तर हात ओळखू येते."

समोरच्या ओट्यावर एक मूल रडत होते, त्याच्या आईने त्याला चूप केले.

"तुमच्या हातचं आहे, दादा," मामाजी म्हणाले.

"आन् त्या दिवशीचं? उमरेडचे आले होते तेव्हाचं?"

मला वाटले, हे नको. वत्सला उमरेडला होती. ही गल्ली ऐकत होती, आणि गल्लीतून उमरेडला जायला गोष्टीला एक बाजार पुरे. मामाजींनाही हे कळत होते. त्यांनी हातातल्या काठावरून बोट नेले, डाव्या बाजूपर्यंत.

"तेही तुमचंच," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण माग बंद होते. "त्यातलं एकही माहं नव्हतं. मी लोकाची धुतली."

हरबाजी ओट्यावर बसले. थकल्यासारखे. "सूनबाई, पाणी दे वं," म्हणाले. मी पाणी दिले. ते प्याले, तांब्या ठेवला आणि उठून गेले.

गोष्ट उमरेडला गेलीच. वत्सलाला कोणी काही म्हटले नाही, तिचा संसार नीट आहे. पण तिचे सासरे त्यानंतर आमच्या घरी आले तर ओट्यावरूनच बोलून जात. पाणीही घेत नसत. मामाजी त्यांना आग्रह करत नसत.

पण मला मामाजी दिसतात ते त्या दुपारचे. हरबाजी गेल्यावर त्यांनी मला रिठ्याचे पाणी मागितले. आमच्याच ओट्यावर, सगळ्या गल्लीसमोर ते भांडे घेऊन बसले. बोट बुडवले, जिभेला लावले. तोंड वाकडे झाले. मी सासऱ्यांशी कधी आपणहून बोलले नव्हते. त्या दिवशी विचारले, "आळशी आहे का, मामाजी?"

"नाही," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मग फेस तळहातावर घेऊन काठावर ठेवत गेले, घासले नाही. माग पुन्हा सुरू झाले, चारी बाजूंनी खटखट. लुगडे न पिळता त्यांनी घरासमोर बांधलेल्या दोरीवर टाकले. डावा काठ रस्त्याकडे केला, दाबलेले दात सगळ्यांना दिसतील असा. आणि ते वाळेपर्यंत गल्लीकडे पाठ करून त्याच्याखाली बसून राहिले. काठातून पाणी त्यांच्या पुढे आलेल्या मानेवर ठिबकत होते. त्यांनी ते पुसले नाही.